प्लगइन की थेट व्हिडिओ?

सोयाबीनची बीजप्रक्रिया घ्या. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि बियाणं सावलीत सुकवायचं. आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून असल्या गोष्टी शेतकऱ्यांना सांगत आलंय. पण क्रम कानांनी ऐकला तर विसरतो, डोळ्यांनी पाहिला की हात बरोबर चालतो. म्हणून व्हिडिओ. आता तो दाखवायचा कसा?

२००५ च्या सुमारास ब्राउझरला स्वतःला व्हिडिओ चालवताच येत नव्हता. फ्लॅश प्लेयरसारखं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं वेगळं सॉफ्टवेअर, घालावंच लागे. फ्लॅशला आज नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यानं मोठं काम केलं. चित्र, आवाज आणि मध्येच विचारलेला प्रश्न, सगळं एकाच फाइलमध्ये बसायचं. अडचण संगणक कक्षात यायची. पडद्यावर राखाडी चौकोन, त्यात 'प्लगइन नाही' एवढीच सूचना. ते घालायला पासवर्ड हवा, आणि पासवर्ड माहीत असलेले सर रजेवर!

खरा निकाल मोबाइलनं लावला. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही. अँड्रॉइडसाठीचं काम फ्लॅश बनवणाऱ्या अडोबीनं २०११ मध्ये थांबवलं. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, तेव्हा पाथरी-पालमच्या शिवारात जो फोन पोचला त्यात प्लगइनला जागाच नव्हती. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला, त्याच्या कितीतरी आधी आपला शेतकरी त्याच्या हाताबाहेर गेला होता.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याला काहीही घालायला लावू नका. ब्राउझर थेट चालवतो तो एचटीएमएल५ चा साधा व्हिडिओ, एमपी४ फाइल, एच.२६४ संकेतनातली. प्रश्न आणि गुण जावास्क्रिप्टनं पानावर येतात, मराठी ओळी वेगळ्या फाइलमधून दाखवता येतात. काही संस्था म्हणतात, प्लगइन नसेल तर व्हिडिओ चोरीला जाईल. अहो, बीजप्रक्रियेचा व्हिडिओ कुणी चोरून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर विद्यापीठानं त्याचा सत्कार करावा!

मात्र 'थेट' म्हणजे आपोआप नीट, असं नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका अनेकदा शेवटी लिहिली जाते. ती हाती येईपर्यंत ब्राउझरला चित्र सुरू करता येत नाही, आणि कमजोर नेटवर्कवर शेतकरी नुसता फिरणारा गोल पाहत बसतो. फाइल तयार करतानाच अनुक्रमणिका पुढे आणायची, हे मिनिटभराचं काम. शिवाय कमी दर्जाची हलकी प्रतही ठेवा. औषधाचं प्रमाण दाखवणारी पाटी मात्र त्या हलक्या प्रतीतही वाचता आली पाहिजे, म्हणून अक्षरं मोठी घ्या.

आणि कॅमेऱ्यातलं मूळ चित्रीकरण पुसू नका. फ्लॅशच्या काळात अनेकांनी तयार फाइल तेवढी जपली. आज रफलसारखं अनुकरण-सॉफ्टवेअर त्यातल्या काही उघडतं, सगळ्या नाही. ज्यांच्याकडे मूळ टेप होती, त्यांनी नवा एमपी४ काढला आणि पुढच्या खरिपाच्या तयारीला लागले.