संगणकाचे शिक्षण आणि गणिताचे भय
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, "पोराला कॉम्प्युटरला घालायचे आहे." इच्छा उत्तम आहे. पण त्याच घरात "गणित नको, जड जाते" असेही ठरलेले असते. मुलींच्या बाबतीत तर ते फारच लवकर ठरते. ही दोन वाक्ये एका घरात नांदू शकत नाहीत, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

पुष्कळांची समजूत अशी की संगणकाचे शिक्षण म्हणजे टायपिंग, थोडे हिशेब आणि एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा. तसे वर्ग आहेत व त्यांचाही उपयोग आहे. परंतु संगणकशास्त्राची पदवी ही निराळी वस्तू. तेथे सुरुवातीच्या वर्षांतच तर्कशास्त्र, संच, मोजणीची तत्त्वे, आलेख, मॅट्रिक्स, संभाव्यता हे विषय पुढे येतात. यांतील बऱ्याचशा भागाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणतात. म्हणजे सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तूंचे गणित. मुलगा घरी येऊन म्हणतो, "अब्बा, मी कॉम्प्युटर शिकायला गेलो, हे काय शिकवतात?" प्रश्न रास्त आहे.

समजा, एक टेम्पो चिपळूणहून निघून, चिपळूण धरून दहा गावे करून परत यायचा आहे. सर्वांत जवळचा फेरा कोणता? सगळे फेरे मोजले तर ते १,८१,४४० भरतात. सेकंदाला दहा लाख फेरे तपासणारा संगणक हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करील. आता गावे वीस करा. त्याच संगणकाला एकोणीसशेहून अधिक वर्षे लागतील! दुप्पट वेगाचे यंत्र आणले तरी साडेनऊशे वर्षे उरतातच. मग तोड काय? १९६२ साली बेलमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्ड व कार्प यांनी, एकदा काढलेली उत्तरे जपून ठेवून पुन्हा वापरण्याची रीत दिली. त्या रीतीने हेच वीस गावांचे काम आजच्या साध्या संगणकावर काही सेकंदांचे आहे. शतके वाचली ती गणिताने; नुसत्या यंत्राने ती वाचली नसती.

उलट, अक्षरक्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव शोधायचे असेल, तर दर वेळी यादी निम्मी करीत गेल्यास वीस तपासण्या पुरतात. "हे कुठे कामाला येणार?" म्हणून ज्या लॉगॅरिदमला विद्यार्थी नाक मुरडतात, तो इथे भेटतो.

दुसरी गोष्ट सिद्धतेची. विद्यार्थी मित्रहो, कागद घ्या. १ पासून कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३. सगळ्या मूळ संख्या. असे ३९ पर्यंत बिनचूक चालते. ४० घेतले की १६८१ येतात, आणि ते ४१ गुणिले ४१ आहेत! एकोणचाळीस वेळा बरोबर आलेला प्रोग्रॅम चाळिसाव्या वेळी असाच दगा देतो. तो प्रोग्रॅम बँकेचा किंवा इस्पितळातील यंत्राचा असेल, तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून गणिती विगमन शिकवतात. परीक्षेपुरते पाठ करून ते अंगी लागत नाही.

या शास्त्राचा पाया घालणारे सगळे मोठ्या घरचे होते असेही नाही. जॉर्ज बूल हा इंग्लंडमधील चांभाराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नव्हती. १८५४ साली त्याने विचारांचे नियम बीजगणितात मांडले. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने दाखविले की तेच बीजगणित विजेच्या स्विचांना लागू पडते. आजच्या प्रत्येक संगणकाच्या आत ते आहे.

आपल्या सभांतून अल्-ख्वारिझ्मी यांचे नावही आवर्जून घेतले जाते. नवव्या शतकातील बगदादच्या या विद्वानाच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, आणि त्यांच्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा'. पण त्या नावाला टाळ्या देऊन घरी गेल्यावर मुलीचे गणित सोडवून घेणार असू, तर त्या टाळ्यांना काय अर्थ?

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मराठी वा उर्दू माध्यमातून आलेली आपली मुले कॉलेजात अडखळतात ती पुष्कळदा गणितात नव्हे, इंग्रजी शब्दांत. 'संच' ठाऊक असतो, 'सेट' म्हटले की बिचकतात. 'मूळ संख्या' येते, 'प्राइम' म्हटले की गप्प. तेव्हा बारावीनंतरच्या सुटीत एक वही करा. डावीकडे शाळेतला शब्द, उजवीकडे कॉलेजातला, खाली स्वतः सोडविलेले एक उदाहरण. रोज पाच शब्द. आणि पालकहो, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजातून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात गणिताचे किती पेपर आहेत ते मुलांबरोबर बसून वाचा, आणि ते शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की नाहीत, हे तेथेच विचारा.