कामाची प्रयोगवही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बोरगावातून सायकलने शाळेत येणारा, शेवटच्या बाकावरचा मी. आयटीआय करून बुटीबोरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. ११ वर्षांनी दुसरीकडे सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत दिली. साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांत काय केलं?" मी म्हणालो, "मेंटेनन्स." ते म्हणाले, "म्हणजे नेमकं काय?" आणि बाप्पा, मला काही आठवेचना! जागा गेली.

परतताना एसटीत बसल्यावर एकेक आठवू लागलं. एका पंपाचं बेअरिंग दर दोन महिन्यांनी जायचं. सगळे नवीन बेअरिंग टाकून मोकळे व्हायचे. मी पायाचे सैल बोल्ट आवळले, मोटर आणि पंप एका रेषेत आणले. मग तेच बेअरिंग सव्वा वर्ष टिकलं. पण ते कोणत्या साली, मशीन किती तास बंद राहायचं, कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याच रात्री मुलीची एक कोरी वही घेतली. आपल्या प्रयोगवहीसारखेच रकाने पाडले: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. दर शनिवारी दहा मिनिटं लिहायचं. बिघाड काय, मी काय केलं, आधी किती वेळ जायचा, आता किती जातो, आणि सोबत कोण होतं. हे शेवटचं मुद्दाम लिहितो. कोणी खात्री करायला विचारलं तर माणूस सांगता येतो, आणि दुसऱ्याचं श्रेयही आपल्या नावावर चढत नाही. कारखान्याची ड्रॉइंग मात्र वहीत येत नाहीत, ती त्यांची. मध्यंतरी हे सगळं मोबाइलमध्ये ठेवत होतो. मोबाइल विहिरीत पडला, पुन्हा वही धरली.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, पुढे सेवाग्रामला नई तालीमची शाळा निघाली. तिथे मुलं सूत कातायची. सूत मोजायचं ते गुंड्यांत, ६४० तारांची एक गुंडी. आपण मात्र "लय राबलो" एवढंच सांगतो. बचत गट चालवणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको. त्यांचं रजिस्टर पाहूनच बँक कर्जाचं बोलते.

चार वर्षांनी पुन्हा मुलाखत झाली. या वेळी वहीतली दोन पानं वाचून दाखवली. आज मी सुपरवायझर आहे.

विज्ञानाचे सर इथे बसले आहेत. माझं 'अनुमान' नेहमी कोरं असायचं आणि सर तिथे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढायचे. सर, वही सोबत आणली आहे. चहाच्या वेळी तपासून द्या.