गृहविलगीकरणातील रुग्ण आणि आपल्या हातातील फोन



२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा रुग्णालयांत खाटा मिळेनात. सौम्य लक्षणे असणाऱ्यांनी घरीच वेगळे राहावे, असे सरकारचे धोरण होते आणि ते योग्यही होते. पण घरी राहून नेमके काय करायचे, हे रुग्णाला कोणी शिकवायचे? घरोघर जाणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही वस्तीतील काही कार्यकर्त्यांनी एका डॉक्टरांना सोबत घेऊन रुग्णांसाठी व्हॉट्सॲपवर गट सुरू केला.

प्रारंभी आमची चूक झाली, ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हाती येईल ते आम्ही गटावर टाकत गेलो. परिपत्रके, काढ्याच्या कृती, सुविचार, सगळेच. कापूर, ओवा व लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, हा खोटा संदेशही आमच्यापैकीच एकाने पुढे पाठवला. गटातील एक काका ऑक्सिमीटरवर ९१ आकडा दिसत असताना दिवसभर पुरचुंडी हुंगत बसले. संध्याकाळी सूनबाईंनी फोन केला, म्हणून ते रुग्णालयात पोहोचले व वाचले. आकडा ९४ च्या खाली गेल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवा, हा संदेश आम्ही त्यांना पाठवला होता. परंतु आमच्याच संदेशांच्या ढिगाऱ्यात तो गाडला गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शिस्त लावली. गटावर केवळ डॉक्टर आणि दोन कार्यकर्ते लिहितील आणि दिवसाला तीनच संदेश जातील, असे ठरले.

सकाळचा संदेश मोजमापाचा. ताप पाहा. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी नेलपॉलिश काढा, गार पडलेले बोट चोळून गरम करा, हात हलवू नका आणि आकडा स्थिरावल्यावरच लिहून ठेवा.

दुपारचा संदेश राहणीचा. खिडकी उघडी ठेवा, तीन पदरी मास्क वापरा, ताट-वाटी वेगळी ठेवा, पाणी भरपूर प्या. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्याच वर्षी काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, अनेकांना गाठले. त्यांत मधुमेह असलेले व स्टेरॉइड घेतलेले रुग्ण पुष्कळ होते.

रात्रीचा संदेश धोक्याच्या खुणांचा. धाप लागणे, छातीत सतत दुखणे किंवा दडपण येणे, बोलण्यात भ्रम, हाक मारूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका.

ज्या आजींना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी हाच मजकूर घरच्या बोलीत बोलून पाठवला. ज्या घरी असा फोनच नव्हता, तेथे शेजारचा तरुण अंगणात उभा राहून तो वाचून दाखवी.

परंतु खरा फरक पडला तो एका प्रश्नाने. प्रत्येक सकाळच्या संदेशाखाली आम्ही विचारू लागलो, "आज आकडा किती?" उत्तर गटावर न देता कार्यकर्त्याला खासगीत द्यायचे, कारण आजाराचा बभ्रा झाला की माणसे लपवू लागतात. दुपारपर्यंत ज्याचे उत्तर येत नसे त्याला फोन जाई. निळी खूण दिसली म्हणजे रुग्णाला समजले, असे मानणे सोडून दिले, तेव्हाच आमचे काम खऱ्या अर्थाने शिक्षणाचे झाले.

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर झाले. तथापि गोवर, कांजिण्या, फ्लू यांचे रुग्ण आजही घरीच वेगळे राहतात. विद्यार्थी मित्रांनो, फोन तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला वापरता येतो. म्हणून एकच मागणे आहे. आजाराविषयीचा कोणताही संदेश पुढे पाठवण्याआधी तो कोणी सांगितला, केव्हाचा आहे आणि कोणत्या रुग्णासाठी आहे, हे विचारा. आणि पाठवल्यावर त्या माणसाला एकदा तरी फोन करा. खोलीत एकट्या पडलेल्या माणसाला माहितीची गरज असतेच, पण आपली कोणी चौकशी करते आहे, हे कळण्याचीही तितकीच असते.