फिरत्या बिऱ्हाडाचें ऊन पाणी



स्नानास ऊन पाणी मिळावें ही मागणी ऐकावयास क्षुल्लक वाटते. शहरांतील घरांत कळ दाबली वा तोटी फिरविली कीं ती पुरी होते. आणि म्हणूनच त्या पाण्यामागें किती अग्नि, किती श्रम व किती वेळ खर्चीं पडतो, याचा हिशेब करण्याचा प्रसंग आपणांवर सहसा येत नाहीं. हा हिशेब खरा कळतो तो ज्यांचें घर एका जागीं स्थिर नाहीं त्यांना. अशा दोन फिरत्या बिऱ्हाडांविषयीं आज मी बोलणार आहें.

पहिलें बिऱ्हाड हौसेचें. मोटारीच्या पोटांतच बिछाना, शेगडी आणि मोरी बसवून हिंडण्याची चाल युरोप-अमेरिकेंत जुनी असून आपल्याकडेही ती आतां रुजूं लागली आहे. अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. तींत स्नानाचें पाणी तापविण्याच्या तीन रीती प्रचारांत आहेत. पहिली गॅसची. तिच्या धुराला बाहेर जाण्याची वाट पक्की हवी. कारण कोंडलेल्या जागेंत अपुऱ्या हवेवर ज्योत जळली कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो, आणि त्याला रंग नाहीं कीं वास नाहीं. शहरांतील बंद न्हाणीघरांत गॅसच्या गीझरपायीं माणसें दगावतात तीं याच वायूनें. दुसरी रीत एंजिनाच्या उष्णतेची. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामीं येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली बव्हंशीं एंजिन थंड राखणाऱ्या पाण्यांत उतरते. तें पाणी ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें. त्याची नळी स्नानाच्या टाकींतून वेटोळें घालून फिरविली कीं दोन्हीं पाणीं एकत्र न होतां टाकी तापते. रेडिएटरचेंच पाणी काढून अंगावर घेणें मात्र सर्वथा वर्ज्य; गरम असतां झांकण उघडल्यास वाफेनें भाजतें, आणि त्यांत मिसळलेलें द्रव्य बहुधा विषारी असतें. तिसरी रीत सर्वांत स्वस्त: काळी पिशवी किंवा टाकी गाडीच्या टपावर ठेवून सूर्याकडून काम करून घेणें.

दुसरें बिऱ्हाड पोटासाठीं निघालेलें. मी बीड जिल्ह्यांतील वडवणीचा राहणारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात आणि शाळेंतील बांकें रिकामीं होऊं लागतात, हें मी शिक्षक या नात्यानें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. मुकादमाकडून उचल घेऊन पति-पत्नीची जोडी, जिला त्या धंद्यांत एक ‘कोयता’ म्हणतात, बैलगाडीनें वा ट्रॅक्टरनें पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे जाते. कारखान्याजवळ वा फडाजवळ पाचटाची अथवा ताडपत्रीची कोपी उभी राहते, आणि पुढील पांच-सहा महिने तेंच घर. त्या घराला चूल असते ती तीन दगडांची. मोरी नसते.

आतां थोडें गणित करूं. एका माणसाच्या स्नानास एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी लागतें असें धरा. हिंवाळ्यांत तें २० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें, तर ३०० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. एक किलो वाळल्या लाकडांत सुमारें ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे वरवर पाहतां सात-आठ तोळे लाकूड पुरावें. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहांतील एक, फार तर दीड भाग उष्णता भांड्यास मिळते. बाकीची वाऱ्यावर जाते. म्हणून एका बादलीस अर्ध्या ते पाऊण किलोहून अधिक सरपण जळतें. चार माणसांच्या कुटुंबाचा पांच महिन्यांचा हिशेब केला, तर केवळ स्नानासाठीं तीन ते पांच क्विंटल लाकूड होतें. तें दिवसभर मोळ्या बांधून थकलेल्या बाईनेंच गोळा करावयाचें. पाचट फुकट मिळतें खरें, पण तें भडकन् पेटतें आणि क्षणांत विझतें; हंडाभर पाणी कढवावयास चुलीपुढून हालतां येत नाहीं. गॅसवर हेंच काम सुमारें ४५ ग्रॅम इंधनांत होतें. परंतु परमुलखांत सिलिंडर भरून मिळणें सोपें नसतें, आणि मिळालाच तर तो स्वयंपाकासाठीं राखला जातो.

यावर आपल्या जुन्या घरांतला एक उपाय आहे. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतून तांब्याचा बंब असे, तो आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. त्याच्या मधोमध नळी; नळींत ढलप्या व कोळसे; खालीं राखेची जाळी; आणि नळीच्या भोंवतीं पाणी. अग्नि बाहेर आणि पाणी आंत असें नसून पाण्याच्या कुशींतच अग्नि असल्यामुळें उष्णतेला पळावयास वाट थोडी. वरून थंड पाणी ओतावें, तितकेंच कढत पाणी तोटींतून बाहेर यावें. कढतांत विसण घातलें कीं एका भरीवर कित्येकांचीं स्नानें होतात. एका कुटुंबास तांब्याचा बंब परवडणार नाहीं. पण लोखंडी पत्र्याचा एक बंब आठ-दहा कोप्यांना मिळून पुरेल.

दुसरा उपाय कॅम्पर व्हॅनच्या टपावरचा. दख्खनच्या निरभ्र हिंवाळी दिवशीं एक चौरस मीटर जमिनीवर सुमारें ४,००० किलोकॅलरी ऊन पडतें. म्हणजे तेरा बादल्यांचा ऐवज. काळा रंग दिलेला डबा सकाळीं भरून आडवा ठेवला आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलें, तर दुपार कलतां कलतां त्यांतील पाणी अंगास सुखावेल इतपत ऊन होतें. सूर्य कलल्यावर तोच डबा पाचटाच्या ढिगांत पुरून ठेवावा. पाचट जळण म्हणून निकृष्ट, पण पांघरूण म्हणून उत्तम. त्याच्या पोकळींत हवा अडकते आणि पाण्याची ऊब कांहीं तास टिकते. डबा मात्र कीटकनाशकाचा नसावा.

इतकें सोपें असून हें होत कां नाहीं? येथें विषयाचें मर्म आहे. सूर्यानें तापविलेलें पाणी तयार होतें संध्याकाळीं, आणि बाईला स्नान करतां येतें तें पहांटेच्या काळोखांत. कारण कोपीला न्हाणी नाहीं, आणि उजेडीं वा माणसांच्या वर्दळींत उघड्यावर अंग धुणें तिला शक्य नाहीं. म्हणून ती तीन-चार वाजतां, इतर सारे निजलेले असतांना उठते. त्या वेळीं कालच्या उन्हाची ऊब गेलेली असते आणि थंडी सर्वांत कडक असते. मग एक तर लाकूड जाळावयाचें, नाहीं तर गार पाणी अंगावर घ्यावयाचें, नाहीं तर स्नानच टाळावयाचें. मासिक पाळीच्या दिवसांतही तिच्यापुढें हेच तीन मार्ग उरतात.

सारांश, चार बाजूंनीं पत्रे वा तट्टे, खालीं फरशी आणि आंतून लागणारी एक कडी, इतकें मिळालें तर संध्याकाळचें फुकट पाणी तिच्या उपयोगीं येतें, क्विंटलांचें सरपण वांचतें आणि पहांटेची तास-दीड तास झोंप तिला परत मिळते. ज्याला आपण आडोसा म्हणतों, तोच तिच्या हिशेबीं इंधनही आहे. कॅम्पर व्हॅनच्या प्रवाशाला उष्णतेची अडचण असते. आडोसा त्याच्या गाडीबरोबरच चालतो. आमच्या ऊसतोडणाऱ्या बाईकडे ऊन आहे, पाचट आहे. आडोसा तेवढा नाहीं.

बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं देशभर गाजला आणि राज्य शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली. त्या प्रश्नाचीं कारणें अनेक आहेत, आणि एका न्हाणीनें तीं सर्व दूर होतील असें मी म्हणणार नाहीं. परंतु शरीर स्वच्छ ठेवण्यास जागाच नसणें हें त्या स्त्रियांच्या रोजच्या हालांतील एक मोठें अंग आहे, आणि सर्वांत कमी खर्चांत दूर होण्याजोगें तेंच आहे.

दरवर्षीं गाळप सुरू होण्यापूर्वीं कारखान्यांना पुण्याच्या साखर आयुक्तांकडून परवाना घ्यावा लागतो. त्याच वेळीं मुक्कामाच्या जागेवर किती न्हाण्या उभ्या आहेत, हेंही मोजून पाहिलें जावें. आपणांपैकीं कोणी कारखान्याचे सभासद असतील, कोणी अधिकारी, कोणी अभियंते असतील. त्यांनीं येत्या हंगामापूर्वीं हा एक प्रश्न विचारावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.