स्क्रीनवरचा छोटा डी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बुद्धिदात्याच्या मांडवात कॅल्क्युलेटरवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले. पण आपली खासबाग विणकरांची. सुताचा आणि मजुरीचा हिशेब इथे घरोघरी होता. आमच्या वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असे. आमच्या हाती कॅल्क्युलेटर आला. आम्ही चार मित्र, कोणी उद्यमबागेत नोकरी केलेले, कोणी गणित शिकवणारे, आजही आपापली जुनी यंत्रे घेऊन बसतो आणि कोणते चांगले यावर भांडतो.

खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ चा, ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५. किंमत ३९५ डॉलर! त्याला 'बरोबर'चे बटणच नव्हते. दोन अधिक तीन करायचे तर दोन, एंटर, तीन आणि शेवटी अधिक.

आपल्या घरांत शिरला तो कॅसिओ. एफएक्स-८२एमएस साधा, लॉग आणि त्रिकोणमितीला पुरतो, पण समीकरणे सोडवत नाही. ९९१एमएस तीन अज्ञातांची समीकरणे, मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स संख्या सगळे करतो, शिवाय उजेडावर चालतो. ९९१ईएसवर अपूर्णांक आणि वर्गमूळ वहीत लिहितो तसे दिसते. मात्र साइन ४५ विचारले की तो वर्गमूळातच उत्तर देतो. दशांशासाठी आणखी एक बटण दाबावे लागते.

मर्यादा प्रत्येकाला आहेत. ६९ चे फॅक्टोरियल या तिन्हींवर येते, ७० चे विचारा, 'मॅथ एरर'. कारण शंभर शून्यांची संख्या त्यांच्या आवाक्याबाहेरची. उणे तीनचा वर्ग कंस न घालता विचारला तर आमचे कॅसिओ उणे नऊ म्हणतात आणि एक्सेल नऊ म्हणते. प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून कंस घालावा.

पण 'एरर' म्हणणारे यंत्र प्रामाणिक. भीती वेगळ्याचीच आहे.

आमच्यातला एक जण नवखा असताना कारखान्यात साइन बार लावत होता. रोलरांमधले अंतर १०० मिलिमीटर, कोन ३० अंश. एका टोकाखाली स्लिप गेज किती उंचीचे? शंभर गुणिले साइन ३०. यंत्राने सांगितले, ४५.४. त्याने तेवढे लावले आणि जॉब मशीनवर चढवला. शेजारच्या वयस्कर फिटरने विचारले, "अरे बाबा, तीसचा साइन अर्धा ना? मग शंभराचे पन्नास नकोत का यायला?"

स्क्रीनच्या वर छोटा 'डी' हवा होता, तिथे 'जी' होता. जी म्हणजे ग्रेड. त्यात काटकोनाचे ९० नव्हे, १०० भाग. म्हणून यंत्राने ३० चे २७ अंश धरले. 'आर', म्हणजे रेडियन, असता तर उत्तर उणे ९८.८ आले असते आणि कोणीही थांबला असता. ४५.४ मात्र खरे वाटते. एक जॉब भंगारात गेला. बाकीचे त्या फिटरकाकांमुळे वाचले. त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता, अंदाज होता.

आता मुलांसाठी. 'गेट' परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. संगणकाच्या स्क्रीनवरचा माउसने वापरावा लागतो. त्यावर आधी ३० आणि मग साइन, म्हणजे आपल्या कॅसिओच्या उलट. तो सराव घरीच करा.

पालकांनो, खोक्यावर छापलेल्या फंक्शनांच्या आकड्याला भुलू नका. मुलाला लागेल तेवढेच घ्या. आणि मुलांनो, यंत्र हाती घेतले की आधी साइन ३० दाबा. ०.५ आले तरच पुढे जा. उत्तर साधारण किती यावे, हे मात्र बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारा. आमच्या वादांत एवढ्या एका गोष्टीवर आमचे एकमत आहे.

गणपती बाप्पा मोरया!