लहान मुलांच्या उलट्या : काय पाहायचं, काय द्यायचं, कधी निघायचं



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पायदळात बत्तीस वर्षं काढली आणि आता माझी पोस्टिंग नातवंडांवर आहे. आपले बरेच श्रोते महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबाद, बंगळूर, दिल्लीत. मुलगा-सून ऑफिसला गेलेली असतात, घरात आपण दोघं म्हातारी आणि दीड वर्षाचं मूल. दुपारी अडीच वाजता ते भडाभडा ओकतं. नेहमीचे डॉक्टर गावाकडे राहिले, शेजारीण बोलते ती भाषा आपल्याला धड येत नाही. अशा वेळी काय करायचं, तेवढ्यापुरतंच आज बोलतो. जे सांगणार आहे ते बालरोगतज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. मी फक्त ते फौजी पद्धतीनं लावून देतो.

पहिली गोष्ट, ती उलटी आहे का? दोन-तीन महिन्यांचं बाळ दूध पिऊन ढेकर देताना तोंडाच्या कडेनं थोडं दूध टाकतं. त्याला काही होत नाही, ते हसत असतं, वजन वाढत असतं. आपल्याकडे त्याला दूध टाकणं म्हणतात, आणि त्यासाठी औषध लागत नाही. उलटीत पोट आवळतं, जोर लागतो, मूल रडतं, चेहरा उतरतो. दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखं लांब दूध फेकत असेल आणि लगेच पुन्हा भुकेनं रडत असेल, तर जठराच्या तोंडाशी अडथळा असू शकतो. ते शस्त्रक्रियेनं बरं होतं, पण वेळेवर दाखवायला हवं. एकूणच तीन महिन्यांच्या आतलं बाळ खरोखर ओकायला लागलं तर घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट रंग. आपल्या पिढीला ओकारीकडे बघायची किळस वाटते. आधी पदर, फडकं, बादली, फिनेल. थांबा. पुसण्याआधी बघा. पांढरं, फाटलेलं दूध किंवा न पचलेला भात असेल तर सहसा घाबरण्याचं कारण नाही. कोथिंबिरीच्या चटणीसारखी हिरवी उलटी, त्यातही तान्ह्या बाळाची, म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो, उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही. रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दिसलं तरी तसंच निघायचं. मोबाइल हातात असतोच, एक फोटो काढून ठेवा. नातवाच्या वाढदिवसाचे चाळीस फोटो काढतो आपण, त्यात हा एक. डॉक्टरांना त्या फोटोतून आपल्या वर्णनापेक्षा जास्त कळतं.

आता सगळ्यात नेहमीचं कारण. पोटाचा संसर्ग, बहुतेक वेळा विषाणूचा. आधी उलट्या, मग जुलाब, थोडा ताप. उलट्या सहसा एक-दोन दिवसांत थांबतात, जुलाब आणखी काही दिवस चालतात. या आजारात मुलाला खरा धोका शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जाण्याचा असतो. आठ किलोच्या बाळाचा साठा तो केवढा! म्हणून लढाई पाण्याची आहे. उलटी बंद करायच्या मागे लागलात तर लक्ष चुकीच्या मोर्चावर जातं.

इथे एक प्रसंग सांगतो. ईशान्येकडच्या डोंगरात आमचं ठाणं होतं, जवानांची कुटुंबंही तिथेच राहायची. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद. एका जवानाची दहा महिन्यांची मुलगी सकाळपासून ओकत होती. डॉक्टरसाहेब दरडीच्या पलीकडे, फोनवर. आमच्याकडे होता एक नर्सिंग असिस्टंट हवालदार, केरळचा, अत्यंत शांत माणूस. मुलीला तहान लागलेली, वाटी दिसली की झेप घेत होती. आई बिचारी सातारकडची, म्हणत होती, "साहेब, लेकरू पानी मागतंय, द्यू का न्हाई?" ती वाटीभर पाजायची, मुलगी घटाघटा प्यायची आणि दोन मिनिटांत सगळं बाहेर. असं तीनदा झालं होतं. हवालदारानं वाटी काढून घेतली, बापाच्या हातात चहाचा चमचा दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. ओकल्यावर दहा मिनिटं काही नाही. मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. पुन्हा ओकली तर पुन्हा दहा मिनिटं थांबायचं आणि मग आणखी सावकाश, दर तीन मिनिटांनी चमचा. बाप मशिनगनवरचा माणूस, त्याला ही ड्यूटी फारच हलकी वाटली. तासाभरानं मान दुखायला लागल्यावर म्हणाला, साहेब, हे जड आहे. आई-बाप आळीपाळीनं बसले. पहाटे चारला मुलीनं लंगोट ओला केला, तेव्हा त्या हवालदाराच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

हे चमच्याचं गणित एकदा कागदावर करून बघा. चहाचा चमचा म्हणजे पाच मिली. दर दोन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला तीस चमचे, दीडशे मिली. चार तासांत सहाशे. आता, थोडं पाणी कमी झालेल्या मुलाला आरोग्य केंद्रात देखरेखीखाली किती ओआरएस देतात? वजनाच्या प्रत्येक किलोमागे पंचाहत्तर मिली, चार तासांत. आठ किलोच्या बाळाला बरोबर सहाशे मिली. म्हणजे ज्या चमच्याला आपण किरकोळ समजतो, तो नेटानं चालवला तर उपचाराची पूर्ण मात्रा पोटात जाते. एका चमच्यानं पोट ताणत नाही, म्हणून ते बाहेर फेकत नाही. थोडं ओकलं तरी बरंचसं आत शोषलं गेलेलं असतं.

ओआरएस काय करतं, तेही समजून घ्या, म्हणजे हात चालू ठेवायला बळ येतं. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा उघडाच असतो. नुसत्या पाण्याला ही वाट मिळत नाही आणि जास्त गोड पेय उलट आतड्यात पाणी खेचून घेतं. म्हणून मापाला महत्त्व आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइनच्या बाटल्या पुरेनात. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याच्या पुड्या करवून घेतल्या आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे ते प्रमाण चारच्या खाली आलं. मी तेव्हा शाळेत होतो. १९७१ म्हटलं की आम्ही फौजी लोक रणगाडे आणि ढाक्याची शरणागती आठवतो. त्याच वर्षीच्या या पुडीनं पुढे जगभर किती जीव वाचवले, ते आमच्या मेसमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर २०२२ साली गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुडी करण्याची रीत. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लहान पुडी दोनशे मिलीची. पाकिटावर लिहिलेलं वाचा. पाणी उकळून गार केलेलं. सगळी पुडी एकदम, सगळ्या पाण्यात. एका कपात चिमूटभर टाकून अंदाजे पाणी हे चालत नाही, पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते बाळाला घातक ठरू शकतं. वरून साखर, दूध, सरबत घालायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमच्यावरून बोट फिरवून सपाट केलेलं. हे तात्पुरतं, पुडी आली की पुडीच.

दुकानात सावध राहा. बऱ्याच वर्षांपासून गोड फळपेयांच्या खोक्यांवर ओआरएस अशी अक्षरं छापून ती औषधाच्या दुकानात विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध सुमारे आठ वर्षं झगडा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी मागताना आणि घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलंय का, ते बघून घ्या. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, ग्लुकोजची पावडर, यांतलं काही ओआरएस नाही.

अंगावरचं दूध बंद करू नका. उलट थोडं थोडं, वरचेवर पाजा. पोटाला विश्रांती म्हणून दिवसभर उपाशी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मुलाला आणखी मलूल करते. ओकणं जरा थांबलं की मऊ भात, वरण, केळं, दही-भात, जे घरात रोजचं आहे ते चालू. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आजी दृष्ट काढू म्हणाली तर काढू द्या, मीठ-मिरच्यांनी कोणाचं काही बिघडत नाही, मात्र तेवढ्या वेळात चमचा थांबता कामा नये.

औषधाबाबत मी कडक आहे. मोठ्यांच्या डब्यातली उलटीची गोळी अर्धी करून देणं, मागच्या वेळची उरलेली बाटली काढणं, हे बंद. उलटी थांबवायच्या काही औषधांनी लहान मुलांची मान-डोळे वाकडे होतात, अंग आखडतं. ओंडान्सेट्रॉन डॉक्टर देतात, पण वजनावर मोजून. जुलाब थांबवायच्या गोळ्या तर बाळांना नकोतच. जुलाबही असतील तर जस्ताच्या गोळ्या देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. उलट्या शमल्यावर सुरू करा, आणि मूल बरं दिसलं तरी चौदा दिवस पुरे करा.

आता कधी निघायचं. घेतलेलं सगळंच्या सगळं ओकतंय, चमच्यानंही टिकत नाही. प्यायलाच नको म्हणतंय. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत जाते. तान्ह्या बाळानं सहा तास किंवा मोठ्या मुलानं आठ तास लघवी केलेली नाही. हाक मारली तर डोळे उघडत नाही, झटका आला. यातलं एकही असेल तर गाडी काढा, ओआरएसची बाटली आणि चमचा सोबत घ्या, वाटेत पाजत चला. मूल गुंगीत असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही.

आणि प्रत्येक उलटी पोटाचीच असते असं नाही. पलंगावरून डोक्यावर पडल्यानंतर पुन्हा पुन्हा उलटी झाली तर थेट इस्पितळ. मूल मिनिटभर पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग निपचित पडतं, पुन्हा किंचाळतं, शौचात लालसर शेंब दिसते, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. खूप पाणी पितंय, खूप लघवी करतंय, वजन उतरलंय आणि आता ओकतंय, श्वास जोरात चाललाय, तर साखर तपासा, लहान मुलांनाही मधुमेह होतो. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी, असं रोज होत असेल तर दाखवा. रॉकेल किंवा फिनेल प्यायलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, बाटली घेऊन धावा. ताप आणि उलटी, बाकी काही नाही, असं बाळ असलं तर लघवीची तपासणी करून घ्यावी लागते.

परमुलखात भाषेची अडचण येते. एक गंमत सांगतो. आपला वांती हा पुस्तकी शब्द कन्नड आणि तेलुगूत रोजचा आहे, तमिळमध्येही तो जवळपास तसाच आहे. उत्तरेत उल्टी चालतंच. बंगालीत बोमी. पण शब्दापेक्षा आकडे जास्त कामाला येतात. फौजेत आम्ही सिटरेप देतो, म्हणजे मोजका परिस्थिती अहवाल. एका कागदावर घड्याळाप्रमाणे लिहा : पहिली उलटी किती वाजता, एकूण किती, रंग, जुलाब किती, शेवटची लघवी किती वाजता, ताप किती, काय पाजलं, वजन किती, काय औषध दिलं. डॉक्टर कुठल्याही भाषेचे असोत, हा कागद त्यांना वाचता येईल अशा आकड्यांत लिहा. मुलाचं वजन महिन्याला एकदा कॅलेंडरवर टिपून ठेवा, औषधाची मात्रा त्यावरच ठरते. ११२ हा आपत्कालीन नंबर देशभर चालतो, रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत १०८.

रोटाव्हायरसच्या लसीचं विचारून ठेवा. तोंडानं द्यायची असते, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. २०१६ पासून ती आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली, सरकारी केंद्रात मोफत मिळते. बदलीच्या नोकरीत कार्ड एका शहरात आणि बाळ दुसऱ्या शहरात, असं हमखास होतं. कार्डाचा फोटो आजी-आजोबांच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

आज घरी गेल्यावर औषधाचा डबा उघडा. ओआरएसच्या चार पुड्या आहेत का, त्यांची तारीख उलटली आहे का, ते बघा. एक लिटर मोजता येईल अशी बाटली शोधून तिच्यावर खूण करा. आता तुमचे प्रश्न घेतो.