बोट कोठे ठेवावे?



या व्यासपीठावरून आजवर वडीलधारी, अनुभवी माणसे बोलत आली. आम्ही तर अद्याप विद्यार्थीच. शिवाय आमचा विषय असा की तो घरच्यांनाही धड सांगता येत नाही. पाहुणे आले म्हणजे 'काहीतरी चित्रांचे शिकतात' एवढे सांगून आई चहा टाकायला जाते. इंग्रजीत या विषयाला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. माणूस आणि वस्तू यांच्यामध्ये जी देवघेव चालते तिची आखणी, असा त्याचा अर्थ. नाव नवे आहे. बिल मॉगरिज आणि बिल व्हरप्लँक या दोघांनी ते १९८० नंतरच्या दशकात रूढ केले. गोष्ट मात्र जुनी. जात्याचा खुंटा हाताला सांगतो, येथे धर. आणि पाळीवर पडणारे पीठ सांगते, काम होत आहे. जात्यावर बसण्यापूर्वी कोणी माहितीपत्रक वाचल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

यंत्र पेटीत बंद झाले आणि वर नुसती काच व बटणे उरली, तेव्हा हे आपोआप होणारे बोलणे थांबले. आता ते कोणीतरी मुद्दाम रचावे लागते. चांगले रचले नाही तर काय होते, त्याची एक हकीकत सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या काकूंना घेऊन आम्ही पैसे काढण्याच्या यंत्रापाशी गेलो होतो. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही दाराशी फोनवर बोलत उभे, काकू आत. यंत्राने विचारले, खाते 'बचत' की 'चालू'? काकूंचे खाते दर महिन्याला वापरात असते. त्यांनी 'चालू' दाबले. यंत्राने 'व्यवहार नाकारला' एवढे म्हणून कार्ड परत दिले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस काकूंनी मागे उभ्या असलेल्या अनोळखी मुलाच्या हाती कार्ड दिले आणि चार आकडी गुप्त क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा सांगितला! आम्ही धावलो तोवर पैसे बाहेर आले होते. मुलगा सज्जन निघाला, हे दैव. परतताना काकू म्हणाल्या, "मलेच समजत नही रे भाऊ."

या 'मलेच'ने आम्हांला बेचैन केले. वस्तुतः काकूंचे उत्तर बरोबर होते. जे खाते बंद पडलेले नाही ते चालू, हे शुद्ध मराठी आहे. बँकेच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ व्यापाऱ्याचे खाते, आणि हे यंत्राने सांगितलेच नाही. चूक यंत्र रचणाऱ्याची आणि लाज मात्र वापरणाऱ्याला! अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली दारे, नळ, शेगड्या असल्या साध्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले, त्याचा रोख हाच आहे. दार ढकलावे की ओढावे हे कळले नाही, तर दोष दाराचा.

याउलट एक उदाहरण आपणा सर्वांच्या बोटाखालचे आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. लिहायचे नाही, शिक्का मारायचा नाही. आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. ज्याला अक्षर येत नाही त्याला कमी लेखले नाही. पुढे एकच मतपत्रिका आणि शिक्का आला, आणि त्याबरोबर दोन रेघांच्या मधोमध ठसा पडून बाद होणारी मतेही आली. मतदानयंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळातील परूर येथे झाला. त्याला आजचे बाह्यरूप देण्यात पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात होता, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर वापरले गेले.

त्याचा चेहरा आठवून पाहा. नाव, चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. चिन्ह एकीकडे आणि बटण दुसरीकडे असे नाही. अधिकाऱ्याने यंत्र मोकळे केले की हिरवा दिवा लागतो. बटण दाबले की त्याच ओळीत तांबडा दिवा आणि लांब आवाज. पुन्हा दाबून काही होत नाही, म्हणून घाबरून दोनदा दाबणाऱ्याचेही मत बिघडत नाही. आडोशाच्या आत समजावायला सहसा कोणी नसते. म्हणून समजावण्याचे सारे काम त्या पेटीवरच सोपवलेले आहे.

तरी प्रश्न संपला नाही, आणि आम्हांला शिकण्यासारखे येथेच अधिक वाटते. या यंत्रावर वाद झाले, खटले झाले. त्यांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण दिवा आणि आवाज एवढेच सांगतात की बटण दाबले गेले. आत काय नोंदले गेले, हे ते सांगत नाहीत. २०१३ पासून काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आली ती या दुसऱ्या प्रश्नासाठी. वापरणे सोपे असणे वेगळे आणि विश्वास बसणे वेगळे. आमच्या वर्गात पहिल्यावर फार बोलले जाते, दुसऱ्यावर कमी.

आता आमची स्वतःची फजिती. काकूंच्या प्रसंगानंतर आम्ही मोठ्या आवेशाने पैसे काढण्याच्या यंत्राचे नवे पडदे कागदावर काढले. रंग बदलले, अक्षरे मोठी केली. मग काकूंपुढे ठेवले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि पुन्हा 'चालू'वर बोट ठेवले. बँकेचे ते दोन शब्द आम्ही जसेच्या तसे उतरवून घेतले होते!

ते कागद आम्ही बरोबर आणले आहेत. व्याख्यान संपल्यावर तासभर बाहेरच्या बाकावर बसणार आहोत. यंत्र नाही, पैसेही नाहीत, नुसते कागद. ज्यांना अशा यंत्राची भीती वाटते त्यांनी आधी यावे, बोट ठेवावे आणि मनात येईल ते बोलावे. ज्यांना सारे येते त्यांनी कृपा करून शेजाऱ्याला सांगू नये. आम्ही पेन्सिल घेऊन बसू.